ग्रहमालेच्या मधोमध एकटा डेव्हिड

भाचीला मी 'प्रॉमिथियस'ची फक्त दोन दृश्ये दाखवली. एक सुरुवातीचे, धबधब्याचे. आणि दुसरे मधले, परक्यांच्या यानात अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांच्या नकाशाचे. दुसऱ्या दृश्याच्या वेळी ती पडद्याच्या इतकी जवळ सरकली होती की तिच्या चष्म्याच्या काचांवर ग्रह फिरताना दिसत होते. दृश्य संपताच तिने विचारले, "मावशी, मग पुढे काय होतं?" मी रिमोट उचलून पडदा बंद केला आणि "पुढचं एवढं खास नाही गं," असे काहीतरी पुटपुटले. तिला ते मुळीच पटले नाही. ज्या चित्रपटात असे काही दिसते, त्याचे पुढचे खास नसेल कसे? हा प्रश्न तिच्या आधी मलाही पडला होता आणि त्याने माझा पिच्छा अजून सोडलेला नाही. वाईट चित्रपट मी भरपूर पाहिले आहेत आणि तितक्याच सहजपणे विसरलेही आहे. हा मात्र विसरता येत नाही, आणि तो चांगला आहे असेही मनापासून म्हणवत नाही.

2012 साली तो प्रदर्शित होण्याआधीचे काही महिने ज्यांना आठवत असतील, त्यांना अपेक्षा म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. 1979 मध्ये 'एलियन' आणि 1982 मध्ये 'ब्लेड रनर' करून विज्ञानपटाचे रूपच पालटून टाकणारा रिडली स्कॉट तीस वर्षांनी त्या प्रांतात परत येत होता. ट्रेलरमध्ये तो किंचाळणाऱ्या भोंग्याचा आवाज होता, 'एलियन'च्या जुन्या ट्रेलरची आठवण करून देणारा. कथेतल्या उद्योगपतीचे 2023 सालात घडणारे एक काल्पनिक व्याख्यान मुद्दाम चित्रित करून आधीच प्रसिद्ध करण्यात आले होते. यंत्रमानवाची जाहिरात तर अशी होती की तो जणू बाजारात विकायलाच आला आहे. या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली होती, ती म्हणजे या वेळी प्रश्न मोठा आहे. माणसाला कोणी घडवले, आणि घडवणाऱ्याला गाठून त्याला जाब विचारता आला, तर तो काय उत्तर देईल?

माझी स्वतःची अपेक्षा मात्र ट्रेलरपेक्षा जुनी, एका सांगाड्यापाशी सुरू झालेली होती. 'एलियन'मध्ये तीन अंतराळवीर एका बेवारस यानात शिरतात आणि त्यांना आसनात बसलेला एक अवाढव्य जीव दिसतो, केव्हाच मेलेला, दगड होऊन गेलेला. एच. आर. गीगर या चित्रकाराने तो असा कल्पिला होता की आसन कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होते, ते कळू नये. खर्च फार होतो म्हणून ते दृश्य गाळूनच टाकावे, असा आग्रह धरला गेला होता. शेवटी सेट उभा राहिला तो अर्धामुर्धा, आणि तो जीव आणखी मोठा भासावा म्हणून दूरच्या चौकटीत अंतराळवीरांचे छोटे पोशाख चढवून लहान मुले उभी केली गेली, त्यांत दोन स्कॉटची स्वतःची. ही क्लृप्ती मला पुढे कळली, तरी ते दृश्य पाहताना अंगावर काटा यायचा थांबला नाही, कारण ते तिघे तिथे खरोखर पाहतात. हेल्मेटवरच्या दिव्यांचे झोत फासळ्यांवरून सावकाश सरकतात आणि त्यांच्यातल्या एकाच्या लक्षात येते, की ही हाडे आतून बाहेर वाकली आहेत. तो जीव कोण होता, ते कोणी सांगत नाही. तेहतीस वर्षे कोणी सांगितले नव्हते.

'प्रॉमिथियस'चे पहिले दृश्य या वारशाला शोभेल असेच आहे, हे मान्य करायलाच हवे. आइसलंडच्या देट्टीफॉस धबधब्यावर ते चित्रित झाले आहे. हिमनदीतून निघालेले, खडकाचा भुगा सोबत घेऊन येणारे राखाडी, दुधट पाणी तिथे सुमारे 44 मीटर खाली कोसळते. त्या पाण्यात कॅलेंडरवरच्या धबधब्यांची निळाई नाही, उलट एक प्रकारचा चिखलट जडपणा आहे, आणि त्यामुळेच ते जगाच्या आरंभीचे वाटते. काठावर एक धिप्पाड, पांढराफटक, केसविरहित पुरुष उभा राहतो, हातातल्या पात्रातला काळा, सळसळणारा पदार्थ पितो, आणि त्याचे शरीर आतून उसवू लागते. शिरा काळ्या पडतात, कातडी भेगाळते, तो पाण्यात कोसळतो. मग कॅमेरा थेट त्याच्या पेशींत उतरतो. डीएनएची शिडी काळवंडून तुटते, तिचे तुकडे प्रवाहात विखुरतात आणि थोड्या वेळाने त्याच पाण्यात नव्याने जुळू लागतात. एक शब्दही न उच्चारता एवढे सगळे सांगून होते. कोणत्या ग्रहावर, कोणत्या काळात, कोणाच्या आज्ञेने, हे विचारायचे सुचत नाही. ते नंतर सुचते, आणि ज्या चित्रपटाबद्दल प्रश्न नंतर सुचतात तो माझ्या लेखी अर्धी लढाई जिंकलेला असतो.

या देखणेपणामागे हातांचे काम आहे, केवळ संगणकाचे नाही. आर्थर मॅक्स या कलादिग्दर्शकाने परक्यांच्या वास्तूतले दगडी दालन आणि बोगदे खरोखर बांधून घेतले. भिंतींवरचे ते बरगड्यांसारखे नक्षीकाम, त्यावरची ओल, आणि हवा बदलताच घाम फुटावा तशा पाझरू लागणाऱ्या कुप्या पाहताना वस्तूला वजन आहे हे डोळ्यांना जाणवते. छायालेखक दारिउश वोल्स्कीने चित्रपट थेट थ्रीडीत टिपला. थ्रीडीला सेटवर भरपूर उजेड लागतो, म्हणून आपल्याला जो गडद, कोंदट अंधार पडद्यावर दिसतो तो पुष्कळसा नंतर, रंगसंस्करणाच्या वेळी भरलेला आहे. मला हे कळले तेव्हा गंमत वाटली: एवढ्या काळजीने, एवढ्या मोजूनमापून अंधार घालणारी माणसे या चित्रपटावर काम करत होती. सिलिकाचे वादळ येते तेव्हा हेल्मेटच्या काचेवर खडे आपटण्याचा तो कोरडा ताडताड आवाजही तसाच, कोणीतरी कान लावून निवडलेला.

मग माणसांचे यान खाली उतरते, आणि माणसे कामाला लागतात.

दोन वर्षांहून अधिक काळ शीतनिद्रेत काढून, 2093 सालच्या डिसेंबरात, आपल्याला घडवणाऱ्यांच्या शोधात निघालेली ही संशोधक मंडळी एका परक्या चंद्रावर पोहोचतात. मानवजातीच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध समोर आहे. आता कोणीही काय करील? निदान कक्षेतून दोन-चार फेऱ्या मारील, नकाशे काढील, उतरायला जागा कोणती सोयीची यावर वाद घालील. इथे यान ढगांतून खाली येते, समोर दरी दिसते, दरीत सरळ रेषा दिसतात, आणि त्या रेषांच्या शेजारी ते थेट टेकते. एक अख्खा चंद्र धुंडाळायचा होता, तो पहिल्याच खिडकीतून सापडला! उतरण्याचे ते दृश्य इतके भव्य आहे, त्या चिमुकल्या यानामागचे डोंगर इतके प्रचंड आहेत, की पहिल्यांदा पाहताना ही घाई खटकत नाही. दुसऱ्यांदा खटकते, आणि मग एकामागून एक गोष्टी खटकतच जातात. आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे असे यंत्र म्हणते, तर एक शास्त्रज्ञ तडक हेल्मेट उतरवतो आणि मागोमाग बाकीचेही उतरवतात. भूगर्भतज्ज्ञाने स्वतःच सोडलेले, लाल किरण फेकत उडणारे गोळे, ज्यांना तो लाडाने पिल्ले म्हणतो, त्या सगळ्या वास्तूचा नकाशा बनवत असतात, आणि संपूर्ण चमूत वाट चुकतो तो नेमका तोच. जीवशास्त्रज्ञ तर त्याच्यावरही कडी करतो. मेलेला, निरुपद्रवी परग्रहवासी पाहून तो घाबरून काढता पाय घेतो. आणि काळ्या चिखलातून नागासारखी फणा काढून उभा राहिलेला जिवंत प्राणी पाहून मात्र त्याच्याशी लाडीगोडीने बोलत हात पुढे करतो.

या प्रसंगांची टिंगल पुष्कळ झाली आहे आणि तीच पुन्हा करण्यात मला रस नाही. माणसे मूर्ख वागतात, शास्त्रज्ञही वागतात, आणि चित्रपटाचे समर्थक म्हणतात त्याप्रमाणे माणसाचा उतावळा अहंकार हाच इथला विषय आहे, हेही मी क्षणभर मान्य करते. पण मूर्खपणालाही कारण लागते. भीती, हाव, स्पर्धा, थकवा, प्रेम, काहीही चालेल. ते पात्राच्या आत असले पाहिजे. इथे ते पात्राच्या बाहेर, लेखकाच्या टेबलावर आहे. पुढच्या दृश्यात साप चावायला हवा म्हणून आत्ता हात पुढे होतो. माझ्या मनाला त्याहून अधिक लागते ते असे, की या माणसांना ते जिथे उभे आहेत ती जागा दिसतच नाही. कलादिग्दर्शकाने, छायालेखकाने, शेकडो कारागिरांनी जे जग रक्त आटवून उभे केले, त्याच्याकडे त्या जगात वावरणारी माणसे नजर टाकून पुढे जातात. दालनात माणसाच्या चेहऱ्याचे अवाढव्य दगडी शिर आहे. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी काही क्षण पाहिले आणि ते आपापल्या कामाला लागले. होलोवे या संशोधकाला तर एका दिवसाच्या आत एवढी निराशा येते की तो दारू घेऊन बसतो. कारण काय, तर आपल्याला घडवणारे भेटायला हवे होते आणि ते मेलेले निघाले. परक्या संस्कृतीचा पहिला अवशेष हाताशी असताना तो संशोधक खट्टू होऊन पेल्यात डोकावतो. पुरातत्त्वाशी ज्याचा दुरूनही संबंध आला असेल, त्याला हे हास्यास्पद वाटेल. मेलेल्यांच्या मडक्यांवर आयुष्य काढणारी ती जमात आहे.

या चित्रपटात पाहणारा एकच आहे, आणि तो माणूस नाही.

डेव्हिड हा यंत्रमानव मायकल फासबेंडरने असा उभा केला आहे की तो पडद्यावर आला की चित्रपटाला पाठीचा कणा येतो. इतर सगळे झोपलेले असताना तो एकटा जागा आहे. सायकल चालवत चालवत तो बास्केटबॉल अचूक जाळीत टाकतो, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पुन्हा पुन्हा पाहून नायकासारखे केस रंगवतो, झोपलेल्या माणसांची स्वप्ने चोरून बघतो, आणि भाषा शिकतो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांच्या मुळाशी जी भाषा असावी असे भाषाशास्त्रज्ञांनी तर्काने बांधले आहे, तिच्यातली एक गोष्ट तो घोकतो. मेंढी आणि घोड्यांची ती गोष्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1868 मध्ये रचली होती. आपल्या कानाला तिचे अक्षर अन् अक्षर कळत नाही, तरी कुठेतरी ओळखीचा सूर लागतो. ज्याला पूर्वज नाहीत असा तो एक, आणि साऱ्या पूर्वजांची बोली शिकणाराही तोच.

भाचीला दाखवलेले ते दुसरे दृश्य याच डेव्हिडचे आहे. यानाशी जोडलेले चित्रप्रक्षेपण तो मुद्दाम बंद करतो, म्हणजे यापुढचे त्याला एकट्यालाच पाहायचे आहे. परक्यांच्या हालचालींची जुनी नोंद धुरकट ठिपक्यांच्या रूपात जिवंत होते, आणि दालनभर ग्रह, तारे, वर्तुळांत वर्तुळे, निळसर प्रकाशाच्या कक्षा फिरू लागतात. डेव्हिड त्यांच्या मधोमध चालत जातो. तेवढ्या पसाऱ्यातून पृथ्वी शोधतो, तिला दोन्ही हातांत धरतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते ते संपूर्ण चित्रपटात दुसऱ्या कोणाच्याही चेहऱ्यावर उमटत नाही. या दृश्याची प्रेरणा जोसेफ राइट या इंग्रज चित्रकाराचे 1766 मधले एक चित्र होते. स्कॉटला त्याचे नाव ठाऊक नव्हते. वर्तुळांत वर्तुळे आणि मेणबत्तीचा उजेड एवढेच त्याने वर्णन केले आणि मॅक्सने ते हुडकून काढले. त्या चित्रात एक तत्त्वज्ञ सूर्यमालेची पितळी प्रतिकृती दाखवतो आहे. सूर्याच्या जागी दिवा ठेवलेला आहे, तो आपल्याला दिसत नाही. दिसतात ते त्याच्या उजेडात न्हालेले भोवतीचे चेहरे. दोन मुले कडेला रेलून बघताहेत, एक जण टिपणे घेतो आहे, एक तरुणी विचारात गढली आहे. ग्रहमाला निमित्तापुरती आहे, चितारले आहे ते पाहणे. पटकथेने त्यातली प्रतिकृती घेतली, पण चेहरे एका डेव्हिडचाच सोडून बाकीचे मागे ठेवले, याची मला हळहळ वाटते. संशोधकांचे अख्खे पथक हाताशी असताना त्या दालनात त्यांच्यातले कोणीही नाही!

जिथे डेव्हिड आहे तिथे पटकथाही शहाण्यासारखी वागते, ही आणखी चीड आणणारी बाब. होलोवे पीत बसलेला असताना डेव्हिड त्याला विचारतो, की माणसांनी मला का घडवले. होलोवे बेफिकिरीने सांगतो, जमत होते म्हणून. त्यावर डेव्हिडचे म्हणणे एवढेच, की हेच उत्तर तुम्हाला तुमच्या निर्मात्याकडून मिळाले तर किती निराशा होईल, याची कल्पना करा. बोलता बोलता काळ्या द्रवाचा एक थेंब त्याच्या बोटाच्या टोकावर आहे. कॅमेरा इतका जवळून पाहतो की बोटाच्या ठशाच्या रेषांत कोरलेले, त्याला बनवणाऱ्या कंपनीचे बारीक चिन्हही दिसते. ते बोट पेल्यात बुडते आणि बाहेर येते. एका यंत्राचा अपमान, त्याची जिज्ञासा, त्याचा सूड आणि कंपनीचा हुकूम, सगळे त्या एका थेंबात मावते. इथे ना वादळ आहे ना डोंगर. ज्यांना असा प्रसंग लिहिता येतो त्यांनीच तो साप आणि तो पुढे केलेला हात लिहिला, हे मान्य करणे जड जाते.

तुलनेला पुन्हा 'एलियन'च घेते. तिथली माणसे शास्त्रज्ञ नाहीत, मालवाहू यानावरचे कामगार आहेत आणि बोनसवरून कुरकुरत असतात. त्या अनोळखी संकेताचा शोध घ्यायला ते का जातात? करारात कलम आहे, नाही गेले तर मोबदला बुडेल. जखमी सहकाऱ्याला आत घ्यायला यानावरची अधिकारी रिप्ली नकार देते, कारण विलगीकरणाचा चोवीस तासांचा नियम आहे. आणि तिचे म्हणणे डावलून दुसरा कोणी दार उघडतो, त्यामागेही कारण आहे, ते पुढे उलगडते. प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी पोटापाण्याशी, भीतीशी, कपटाशी बांधलेले. 2012 च्या 'प्रॉमिथियस'मध्येही संसर्ग झालेल्या माणसाला यानाच्या दारात अडवणारी एक अधिकारी आहे, शार्लीझ थेरॉनने ती करारीपणे साकारली आहे. ती त्याला सरळ पेटवून देते. क्षणभर वाटते, चला, आता या यानावर नियम आहेत. आणि लगेच पुढे पथकातली संशोधक एलिझाबेथ शॉ स्वतःच्या पोटातून वळवळणारा जीव शस्त्रक्रिया यंत्राकडून काढून घेते. यंत्र पुरुषांच्या शरीरासाठी बेतलेले आहे, म्हणून तिला ते हाताने चालवून काम सांगावे लागते. त्या प्रसंगातली घुसमट, लेसरची रेघ, टाके मारतानाचा तो खटखट आवाज, शॉ साकारणाऱ्या नूमी रपासचा श्वास, यातले काही विसरता येत नाही. मग ती रक्ताने माखलेली, टाक्यांवर हात दाबून दुसऱ्या खोलीत पोहोचते. तिथे इतर माणसे आहेत. डेव्हिड तिच्या अंगावर कोट घालतो, तिच्या जगण्याच्या जिद्दीबद्दल दोन शब्द बोलतो. ती मागच्या खोलीत काय सोडून आली, याची चौकशी कोणी करत नाही.

आणि अखेर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो निर्माता जागा होतो. त्याचे रूप पाहून माझा जुना सांगाडा त्या क्षणी गळून पडला: तो अवाढव्य, आसनाशी एकजीव झालेला प्राणी म्हणजे निव्वळ एक पोशाख होता आणि आत उंच, गोरा, टकला माणूस. डेव्हिड त्याच्याशी त्या प्राचीन बोलीत काहीतरी बोलतो. काय बोलतो, ते पडद्यावर उमटत नाही. उत्तरादाखल निर्माता डेव्हिडचे मुंडके उपटतो आणि म्हाताऱ्या उद्योगपतीला ठार मारतो. पुढे घरी पाहायच्या आवृत्तीसोबत आलेल्या वगळलेल्या दृश्यांत हाच प्रसंग अधिक लांब आहे आणि त्यात तो निर्माता बोलतो. म्हणजे संवाद लिहिला गेला होता, चित्रितही झाला होता, आणि कापला गेला. गूढ राखायला कापला असे म्हणावे, तर गूढ राहायला आधी प्रश्न नीट विचारला जावा लागतो. इथे तो विचारला जाण्याआधीच हाणामारी सुरू होते.

दोष कोणाचा, हे ठरवायला मी कोण? जॉन स्पेट्सचा मूळ मसुदा 'एलियन'च्या अधिक जवळचा होता, डेमन लिंडेलॉफने तो त्यापासून दूर नेला, आणि झालेला चित्रपट ना धड राक्षसाचा राहिला ना धड निर्मात्याचा. निदान दोनदा वाटून गेले की पटकथा लिहिणाऱ्यांनाही देट्टीफॉसच्या काठावर नेऊन उभे करायला हवे होते. अर्थात हा माझा भाबडेपणा झाला. 2017 मध्ये 'एलियन: कव्हेनंट' आला. लोकांनी राक्षस मागितला होता, तो मिळाला. निर्मात्यांच्या अख्ख्या नगरीवर काळ्या द्रवाचा वर्षाव करून तो विषय एका आठवणीच्या दृश्यात मिटवला गेला, आणि जी शॉ जाब विचारायला निघाली होती ती दोन चित्रपटांच्या मधल्या काळात मेली. तेही दृश्य, सांगायला नकोच, अप्रतिम दिसते. भाचीला मी उरलेला चित्रपट अजून दाखवलेला नाही, पण ती तो स्वतःच बघेल हे मला दिसते आहे. स्कॉटने तिसरा भाग काढलाच तर मीही मोठ्या पडद्यावर पहिल्या आठवड्यात जाऊन पाहीन, आणि बाहेर पडताना बहुधा पुन्हा पटकथेवरच चिडलेली असेन.